घरभेटींचं काय करायचं

हॅलो?… हो ताई, मीच… अगं थांब जरा, इथे काही ऐकू येत नाहीये. जिन्याकडे जाते…

हां. आता बोल… नाही, संपलं नाही अजून. चहाची सुट्टी दिलीय त्यांनी. परत आत बोलावतील तेव्हा आपण उत्तर द्यायचंय… कसलं उत्तर म्हणजे? तेच सांगतेय, ऐक ना. तू पडूनच आहेस ना? पाठीला उशी घेतलीस?

नाही, चांगलं नाही झालं. खोटं कशाला सांगू तुला.

सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आधी बागांचं, मग रस्त्यांचं, मग कुठल्या तरी पोहण्याच्या तलावाचं. आमचा नंबर लागला तेव्हा अनुदान समितीतले दोघं घड्याळं बघायला लागले होते. मधे अध्यक्षबाई, आणि त्यांच्या शेजारी तो हिशोबवाला साहेब… हो, तोच. बारीक आवाजाचा. मागच्या वर्षी तुला भर सभेत 'आजी' म्हणाला होता तोच.

वाचलं ना. तुझं भाषण वाचलं… सगळं. म्हणजे, निम्मं… अगं, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई मी. मला उभ्याने ओरडता येतं, असं वाचता येत नाही. तुझ्यासारखा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठून आणू? ओळी एकमेकींत शिरायला लागल्या. अध्यक्षबाईच म्हणाल्या, कागद ठेवा आणि आपलं आपण सांगा.

मग सांगितलं. निवृत्त झालेली माणसं आहोत, कुणी हॉस्पिटलच्या दारात बसून लोकांना कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगतं, कुणी शाळेत मुलांना वाचायला बसवतं, कुणी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी रोज जाऊन येतं. त्यावर तो साहेब म्हणाला, छानच आहे, पण स्वयंसेवक म्हणवता ना स्वतःला, मग सरकारचा पैसा कशाला लागतो?

अगं दिलं ना उत्तर. म्हटलं, पगार नाही घेत आम्ही कुणी. येण्याजाण्याचं भाडं, दुपारचं जेवण, विमा, आणि कोणी कुणाकडे जायचं ते बघणारी ऑफिसातली एक बाई, एवढंच. त्या माळीबुवांचंही सांगितलं. घरभेटीला गेले असताना कुणाच्या तरी जिन्यावर घसरले, मनगट मोडलं, विमा होता म्हणून निभावलं. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून एकही माणूस दुसऱ्याच्या घरचा जिना चढला नसता. तोपर्यंत बरं चाललं होतं, ताई. अध्यक्षबाई मान हलवत होत्या.

मग त्याने आपल्यातल्या वायरमनभाऊंना विचारलं.

हो, बोलायचे नव्हतेच ते. नुसते शेजारी बसलेले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते बिचारे, हात मांडीवर ठेवून. साहेब म्हणाला, समजा भाडं आणि जेवण बंद झालं, तर तुम्ही उद्या या कामाला जाल का?

काय म्हणणार? त्या माणसाला खोटं बोलता येतं का कधी? 'नाही जमणार साहेब,' म्हणाले.

एवढंच. नाही जमणार.

आणि तो साहेब हसला गं. मोठ्याने नाही, असं खाली बघून. म्हणाला, मग ही सेवा कसली, ही तर नोकरीच झाली. वायरमनभाऊ उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर निघून गेले. मला थांबवताही आलं नाही.

…हो, आहेत इथेच. खाली पायऱ्यांवर बसलेत, मला दिसतायत इथून. चहा नेऊन दिला, तो तसाच गार होतोय… एवढंच म्हणाले, मी सगळ्यांचं नुकसान केलं.

मी? मी काय केलं… अगं बोलले मी. आवाज चढला माझा, आधीच सांगते. म्हटलं, साहेब, तो माणूस खरं बोलला. त्याचं पेन्शन औषधात जातं. दोन बस बदलून तो एका आंधळ्या गृहस्थाकडे जातो, तिथून पुढे आणखी दोघांकडे. त्याने आयुष्याची उरलेली दुपार फुकट द्यायची, तेवढी तो देतोच आहे. वर बसचं भाडंही त्यानेच भरायचं, अशी तुमची अपेक्षा असेल तर सेवा फक्त पैसेवाल्या म्हाताऱ्यांनीच करायची असं जाहीर करून टाका.

…माहितीय ताई. माहितीय, असं बोलायला नको होतं. तू बोलली असतीस तर गोड बोलली असतीस. पण तू पायात सळई घालून पडलीयेस आणि मला पाठवलंस.

नाही, हाकललं नाही. अध्यक्षबाईंनी पाणी पुढे केलं. मग आपापसांत कुजबुजले जरा, आणि बाईंनी सांगितलं. आता नीट ऐक. पूर्ण अनुदान मिळणार नाही. हॉस्पिटलचं चालू ठेवतील, शाळेचंही चालू ठेवतील. घरभेटी बंद.

…हो. बंद म्हणजे बंद. त्याच सगळ्यात महाग पडतात म्हणे. आणि नजरेला दिसत नाहीत. शाळेत मुलं दिसतात, हॉस्पिटलात रांग दिसते. बंद दाराआड कोण कुणाशी दोन शब्द बोललं ते कुणाला दिसणार? आपल्याला मान्य असेल तर आज सही होईल. नसेल तर सगळंच पुढच्या बैठकीवर, आणि तोवर एक पैसा नाही.

तू काय म्हणतेस?

…काय?

घे म्हणतेस? ताई, नीट ऐकलंस ना मी काय सांगितलं ते?… हो, कळतंय मला. काही नाही त्यापेक्षा अर्धं बरं. कळतंय… वर्गणी? कुणाकडून वर्गणी मागणार आपण? गेल्या खेपेला मागितली तेव्हा हाती आल्या जुन्या सतरंज्या… नाही, चेष्टा करत नाहीये. भेटी अशा आपल्या आपण नाही चालवता येत. विमा नसताना कुणाला पाठवशील लोकांच्या घरी? आणि पाठवायच्या आधी माणूस कसा आहे त्याची चौकशी कोण करेल?

ते ठीक आहे गं. शाळेतलं वाचन तू सुरू केलंस, तुझा जीव आहे त्यात, मला काय माहीत नाही? पण भेटी सोडायच्या म्हणजे…

नाही. मी हो म्हणणार नाही.

…हट्ट नाहीये हा. अगं ऐक ना. ऐक… ताई, मला एक मिनिट बोलू देशील? तुझ्याकडे रोज सकाळी कोण येतं?

वायरमनभाऊ. बरोबर. कशाला येतात?

…ओळखीने? विजेची बटणं दुरुस्त करायला? ताई, एका घरात इतके दिवस बिघडत राहतील एवढी बटणं तरी असतात का?

ते भेटीला येतात. घरभेटीला. मीच ऑफिसात सांगून तुझं घर त्यांच्याकडे दिलं. ऑपरेशननंतर घरी आलीस त्याच आठवड्यात.

…

ताई?

…नाही विचारलं. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. हॉस्पिटलातच म्हणाली होतीस, मी योजना चालवणारी आहे, योजनेची गिऱ्हाईक नाही… मग काय करणार होते मी? यांना अर्धांग झाल्यापासून मी दाराबाहेर निघायचं म्हणजे आधी शंभर व्यवस्था. तुझं घर गावाच्या त्या टोकाला. रोज रात्री पडल्या पडल्या डोळ्यांसमोर तू वॉकर धरून स्वयंपाकघरात जाताना दिसायचीस. जीव टांगणीला लागलेला असायचा माझा.

…हो, फसवलं. म्हण तसं. लपवलं तुझ्यापासून. भाऊंनाही मीच गप्प राहायला सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस… चीड माझ्यावर. पण बोल काहीतरी. आतून बोलावणं येईल आता.

ताई… आहेस ना?

अगं, शिपाई हात करतोय. सगळे आत चाललेत. मी काय सांगू त्यांना?… ठेवू नकोस, ठेवू नकोस फोन. काय?… पुन्हा सांग, इथे गलका आहे.

त्यांना ऐकवू? तुला?

…ते देतील की नाही कोण जाणे. बरं. बरं, विचारते. तू तशीच थांब. मी आत येतेय… थांब हं…

नमस्कार, अध्यक्षबाई. उत्तर देते, पण त्याआधी एक विनंती. माझी थोरली बहीण फोनवर आहे… हो, त्याच. ज्यांनी ही योजना सुरू केली त्याच… नाही, म्हणजे पुन्हा भाषण नाही. ती म्हणतेय, तिला योजनेच्या वतीने बोलायचं नाही. जिच्या घरी भेटीला माणूस येतो, अशी एक बाई म्हणून बोलायचंय… साहेब, नियमात बसत नसेल कदाचित. तिला उठता येत नाही, नाहीतर ती इथे आलीच असती… आभारी आहे, बाई.

आवाज मोठा केलाय, ताई. फोन टेबलावर ठेवलाय. बोल.

…

…

ताई, हे तू मला कधी…

…हो. हो, गप्प बसते. तू बोल.

…

थांब, थांब जरा. अध्यक्षबाई काही विचारतायत. तुला ऐकू आलं का? त्या म्हणतायत, अनुदानाचा आकडा काही वाढत नाही. घरभेटी ठेवायच्या तर दुसरं काहीतरी सोडावं लागेल. काय सोडाल?

…

ताई, जरा विचार करून… आपण बाहेर जाऊन दोघी बोलू का आधी?

…

हो, अध्यक्षबाई. ऐकलं मीही. तिचं तेच माझं उत्तर… कुठे करू सही? इथे?… आणि इथे. बरं.

हॅलो? ताई? आता नुसता माझ्या कानाला आहे फोन. बाहेर आलेय मी… झालं. घरभेटी चालू, हॉस्पिटल चालू, एक वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आणि पुन्हा मागायचं. शाळा… शाळा गेली… हो. तूच सोडलीस ती. मला तर ते बोलायला तोंड उघडलं नसतं.

साहेब? तू 'पोरांना शिक्षक आहेत, मला सकाळी दुसरं कोणी नव्हतं' म्हणालीस ना, तेव्हापासून तो पेनाच्या टोपणाशी चाळा करत बसला होता. सहीच्या वेळी पेन मात्र त्यानेच दिलं.

ते सगळं राहू दे ताई. हे बाथरूमचं काय?

…नाही, टाळू नकोस. अख्ख्या समितीसमोर सांगितलंस आणि मला मेलीला पत्ता नाही. कधी पडलीस?… मागच्या आठवड्यात? आणि त्या दिवशी संध्याकाळी फोनवर मला सांगितलंस, काही विशेष नाही, आज आराम केला. आराम?

…काळजी करेन म्हणून. वा. आणि भाऊंनाही गप्प राहायला सांगितलंस. म्हणजे त्या माणसाने एकाच घरात दोन बहिणींची दोन गुपितं सांभाळली. बरोबर आहे, मग आज तिसरं खोटं कुठून बोलवणार त्याच्याच्याने?

लागलं नाही ना कुठे?… खरं सांग… किती वेळ होतीस तशी, फरशीवर?

…

एवढा?

…नाही, रडत नाहीये. जिन्यात धूळ आहे.

'भाऊ येणार हे माहीत होतं, म्हणून ओरडले नाही, नळाला टेकून बसून राहिले,' हे तू म्हणालीस ना, तेव्हा त्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मी घरभेट ठरवून स्वतःच्या मनाचं ओझं हलकं केलं होतं. बहीण म्हणून मी स्वतः कधी आले गं? मोजून दोनदा.

…हो, यांचं आहे, पण यांच्याजवळ धाकटा बसू शकतो एखादी रात्र. तो मोठा झालाय आता. मी कधी सांगितलंच नाही त्याला.

भाऊ? थांब, त्यांच्यापाशीच आलेय… भाऊ, झालं आपलं काम. घरभेटी चालू राहतायत… नाही, तुमच्यामुळे काही बिघडलं नाही. ताई फोनवर आहेत, बोलता का?… नको म्हणतायत गं. मान खाली घालून बसलेत नुसते… काय सांगू?… बरं, सांगते.

भाऊ, ताई म्हणतायत, तुम्ही आत जे बोललात तेच सगळ्यात खरं होतं. आणि त्या म्हणतायत, उद्या बटणांचं सोंग करायची गरज नाही, सरळ बसायला या.

…हसले. हो, हसले थोडेसे. चहा घेतायत आता, गारच… नाही, घरी मी नेऊन सोडते त्यांना. आणि तिथून तुझ्याकडे येतेय.

…आज. आत्ताच… विचारत नाहीये ताई, सांगतेय. झोपायला येतेय. जेवणाचं बघू नकोस, मी काहीतरी घेऊन येते… शाळेतल्या बाईंना उद्या दोघी मिळून सांगू. तू एकटीने फोन करायचा नाहीस… बरं, रड हवं तर. मी आल्यावर रड.

आणि हे बघ, बेल वाजली की लगेच वॉकर घेऊन दाराकडे निघशील तू, ओळखते मी. किल्ली आहे माझ्याकडे. माझं मी उघडीन दार. तू उठायचं नाहीस… ऐकतेस ना? उठू नकोस.

ठेवते.