मुकीबी मास्तरांची लाईन आणि नालोंगोचा कोंबडा

"...आणि ज्याला अर्थ सांगता येणार नाही, त्याला मास्तर..." एवढंच! नळावर माझ्या पुढची बाई एवढंच बोलली आणि तिचा पाण्याचा कॅन भरला, उचलून डोक्यावर ठेवला आणि चालती झाली! आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? बातमी सांगायची तर शेवटापर्यंत सांगावी, नाहीतर तोंड उघडू नये! अर्धी बातमी म्हणजे अर्धवट शिजलेला कच्च्या केळ्यांचा मटोके, गिळवतही नाही आणि चारचौघांत थुंकवतही नाही. मी माझा कॅन नळाखाली तसाच टाकून तिच्यामागं धावले, "अगं न्याबो, अगं बाई, त्याला मास्तर काय? काय करतात त्याला?" तर मागून बायका ओरडायला लागल्या, "एडिसा, लाईन सोडलीस! आता सगळ्यांच्या मागं जा!" बघा, तिथंही लाईनच!

तुम्हाला सांगते, दुसऱ्याच्या भानगडीत पडायची मला अजिबात सवय नाही. मला काय करायचंय? पण...

पण ही भानगड होती आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या नालोंगोच्या घरची. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. जुळी झाली त्या दिवसापासून सगळी नातेते वस्ती तिला तेच म्हणते, तिचं खरं नाव आता तिलाही आठवून सांगावं लागतं. तिचा धाकटा जुळा कातो. विजेच्या खांबांवर चढतो, सोन्यासारखा पोरगा, आणि जीव जडवून बसला मसाकाकडच्या नासुनावर. शनिवारी आम्ही सगळे मुलीकडं मागणी घालायला जाणार होतो. आणि मुलीचा बाप कोण? मुकीबी मास्तर! छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले! सहा महिन्यांमागं एका बँकवाल्याची माणसं त्यांच्या दारातून परत गेली होती. पांढरेशुभ्र कांझू घातलेले पुरुष, गोमेसी नेसलेल्या बायका, ट्रक भरून भेटी... सगळं आल्या पावली परत! आणि आता नळावरची ती बाई सांगते, की मास्तर प्रत्येक पाहुण्याला एकच शब्द विचारतात, 'लाईन', आणि ज्याला अर्थ येत नाही त्याला...

काय करणार? परत पाठवणार! दुसरं काय!

कातोला सांगितलं तर पोरगं पांढरं पडलं. "मावशी, ही नाही मिळाली तर मी खांबावर चढेन आणि खाली उतरणारच नाही." नालोंगो रडायला लागली. म्हटलं, रडू नकोस, मी आहे. शब्द तो केवढा? इंग्रजीत चार अक्षरं! चार अक्षरांना भ्यायचं? बोलाव सगळ्या वऱ्हाडाला!

आणि तिथंच माझं चुकलं. कारण बोलावलं ना, तर प्रत्येकाची लाईन वेगळी!

कातो म्हणाला, "लाईन म्हणजे तार. चालू असली तर हात लावायचा नाही." नळ दुरुस्त करणारा म्हणाला, "तार कसली? लाईन म्हणजे जमिनीखालचा पाईप, फुटला की सगळे मलाच शिव्या देतात." फोनच्या टपरीवाला हसला, "पाईप? अहो लाईन म्हणजे सिम! माझ्याकडं तीन लाईन आहेत, एक बायकोसाठी, एक धंद्यासाठी..." "आणि तिसरी?" मी विचारलं. मला काय करायचंय, पण विचारलं. तर खिशातला फोन काढून बघायला लागला. कोळी म्हणाला, लाईन म्हणजे तळ्यात सोडायची हजार गळांची दोरी. शिंपीण म्हणाली, लाईन म्हणजे गोमेसी कमरेवरून कशी पडते ती, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काहींची पडतच नाही." फुटबॉलचा पंच म्हणाला, चेंडू जिच्याबाहेर गेला म्हणून मार बसतो ती लाईन. पाद्रीबाबा डोळे मिटून म्हणाले, "लाईन म्हणजे वंश. आजोबांचं पाप नातवाला लागतं, ते याच लाईनीतून येतं." सगळे आमेन म्हणाले. एवढ्यात दवाखान्यातली नर्स रोझेट काय म्हणाली असेल? "सोपं आहे. एक लाईन आली तर निवांत घरी जा. दोन आल्या तर घरी जाऊन सांगा!"

पाद्रीबाबांना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

चार दिवस! चार दिवस मी त्या माणसांची उजळणी घेतली. नळवाला रात्री झोपेत "पाईप, पाईप" करतो म्हणून त्याची बायको माझ्याशी भांडून गेली. आणि या सगळ्यात नालोंगोनं मला एकच काम सांगितलं होतं हो, एकच! "एडिसा, साखर, साबण, कपडे, सगळं मी बघते. तू फक्त कोंबडा सांभाळ."

आता कोंबडा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला हवं का? साखर विसरली तर चालते. साबण विसरला तर लोक आठवडाभर बोलतात आणि गप्प होतात. पण मुलीच्या भावाच्या हातात कोंबडा पडल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही! बापानं हो म्हणू दे, आत्यानं हो म्हणू दे, बिशपनं वरून आशीर्वाद देऊ दे... कोंबडा नाही तर बायको नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

शनिवारी सकाळी निघालो. भाड्याची बस. पंच आणि कोळी एकमेकांच्या लाईनी पाठ करत होते. लुकायाला बस थांबली आणि तिथं तुम्हाला माहीतच आहे, थांबायचा अवकाश, की खिडक्यांतून काठीला लावलेले भाजलेले कोंबडे आत! डावीकडून कोंबडे, उजवीकडून कोंबडे, "ताई घ्या, मावशी घ्या!" मी एक तंगडी घेतली. मस्त मीठ लावलेली, खरपूस. चोखून चोखून खाल्ली. हाडसुद्धा चावलं. आणि तुम्हाला सांगते, देवाशपथ सांगते, तेव्हाही मला आठवलं नाही!

मुलीच्या दाराशी पोचलो. पुरुष पुढं, बायका मागं, असं आम्हाला उभं केलं. कशात? लाईनीत! ऊन असं की शिंपिणीची सगळी इस्त्री वितळली. मग आत घेतलं. एका मांडवात ते, समोरच्या मांडवात आम्ही. आमच्या बाजूनं बोलायला गोलूबा म्हणून एक जिभेवर साखर ठेवलेला माणूस आणला होता, कारण त्या दिवशी नवऱ्या मुलानं तोंड उघडायचं नसतं. कातो बिचारा मधे बसलेला, घाम नुसता धो धो.

आणि मास्तर उठले. वाळक्या शेंगेसारखा माणूस, नाकाच्या टोकावर चष्मा, काखेत जाड वही. म्हणाले, "पाहुणे मंडळी, एक छोटासा प्रश्न. लाईन म्हणजे काय?"

बघा! खरं निघालं की नाही? मी नालोंगोला कोपर मारलं, "सांगितलं होतं ना!"

आमची माणसं काय बोलली म्हणून सांगू! तार, पाईप, फोनवाल्याच्या तीन सिम, गळ... मास्तर प्रत्येक उत्तरावर वहीत बोट फिरवायचे, "आहे. आहे. हेही आहे." रोझेट उठली आणि तिनं तिच्या त्या दोन लाईनी सांगितल्या... मग अख्ख्या मांडवाच्या माना हळूच नासुनाकडं वळल्या. पोरगी लाजून लाल, कातो भीतीनं निळा. रोझेट ओरडली, "अहो, मी जनरल सांगतेय! माझा धंदाच तो!" आणि मास्तर? मास्तरांचा चेहरा असा खुलला जसा लहान पोराला पतंग मिळावा. "हा माझ्याकडं नव्हता!" लिहूनही घेतला. एकसष्टावा.

म्हटलं जिंकलो! आणि आनंदानं मी वळून भेटींच्या टोपल्यांकडं बघितलं. साखर आहे. साबण आहे. मुलीच्या आत्याची गोमेसी आहे. आणि...

माझ्या पोटातली ती लुकायाची तंगडी उठून उभी राहिली हो!

कोंबडा नातेतेत! माझ्या अंगणात! कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला मी स्वतःच्या हातानं बांधलेला! आणि नेमकं त्याच क्षणी मास्तरांचं बोट माझ्यावर. "न्याबो, तुम्ही. लाईन म्हणजे काय?"

चार दिवस चाळीस माणसांना शिकवलं मी. आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

"कोंबडा!"

हसले हो. दोन्ही मांडव हसले. पाद्रीबाबासुद्धा. मास्तर मात्र हसले नाहीत, त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वहीत लिहिलं. मग मला बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं, वही पहिल्या पानावर उघडली आणि म्हणाले, "काळजी करू नका. ज्याला येत नाही, त्याला मी समजावतो. तुमचा बासष्टावा सोडून एकूण एकसष्ट आहेत. पहिला..."

ही होती ती उरलेली अर्धी बातमी! 'ज्याला अर्थ येणार नाही त्याला मास्तर बसवून शिकवतात!' आणि इकडं मुलीचा भाऊ उठला, दंड फुगवून, कोंबडा घ्यायला सज्ज, गोलूबा बिचारा एकावर एक म्हणी सांगून वेळ काढतोय, नालोंगो माझ्याकडं अशी बघतेय की पेटलेली तार परवडली, आणि मास्तर माझ्या कानात, "...नववा अर्थ, नौकानयनात..."

तेवढ्यात मागून कुणीतरी माझी बाही ओढली. एक बाई. माझ्याच वयाची, माझ्याच बांध्याची, कुंपणावरून डोकावून डोकावून मान लांब झालेली. मास्तरांची शेजारीण, टिओपिस्ता. हळूच म्हणते, "मला काय करायचंय म्हणा, पण... तुमच्या टोपल्यांत कोंबडा दिसला नाही."

तुम्हाला सांगते, मला रडूच आलं. परक्या गावात सख्खी बहीण भेटली! मास्तरांना म्हटलं, "मास्तर, जरा पाणी पिऊन येते," आणि तिच्या मागोमाग कुंपणातून पलीकडं. तिथं एक कोंबडा. तांबडा, तुरेवाला, रुबाबदार. "माझा आहे," म्हणाली, "घेऊन जा. फुकट. फक्त..." फक्त काय? खाली बसली, मांडी घातली, "नवऱ्या मुलाचं सगळं सांग. आईचं पण. आणि त्या फोनवाल्याची तिसरी लाईन कुणासाठी आहे?"

सांगितलं! काय करणार? मी कधी कुणाचं काही सांगत नाही हो, पण कातोचा प्रश्न होता! जे माहीत होतं ते सांगितलं, जे नव्हतं तेही सांगितलं. तिनंही सांगितलं: बँकवाले परत गेले ते खरं, पण शब्दापायी नाही, चार तास उशिरा आले आणि वर म्हणाले की रस्ता चुकलो.

कोंबडा आला. भावाच्या हातात पडला. टाळ्या! बायकांनी आरोळ्या दिल्या! आणि त्या मेल्या कोंबड्यानं काय करावं? पंख फडफडवले, भावाच्या डोक्यावर पाय दिला, कुंपणावरून उडी मारली आणि सरळ टिओपिस्ताच्या खुराड्यात!

भाऊ म्हणाला, "नातेतेच्या कोंबड्याला आमच्या गावच्या वाटा बऱ्या ठाऊक!"

कातोनं डोळे मिटले. पण गोलूबा, देव त्याचं भलं करो, उठला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, आमचा कोंबडासुद्धा इथं आल्या आल्या घरचा झाला. मग आमच्या मुलाला किती वेळ लागणार?"

आणि मास्तर हसले. पहिल्यांदाच. मान हलवली आणि मुलगी दिली.

झालं! कातो आता खांबावरून वेळेवर खाली उतरतो. आणि आमचा खरा कोंबडा माझ्या अंगणातच आहे. नालोंगो त्याला कापू देत नाही, म्हणते लग्नाचा आहे. स्वतःच्या घरात घेत नाही, म्हणते तू विसरलीस, तू सांभाळ. पहाटे चारला आरवतो. वर मास्तरांचा निरोप: बासष्टाव्या अर्थाची पुढची माहिती कळवावी, रंग, वजन आणि स्वभाव. बोला!

पण हे काहीच नाही. काल नळावर गेले. माझ्या पुढं दोन अनोळखी बायका. एक दुसरीला सांगते, "अगं, इथल्याच कुणा बाईनं म्हणे मसाकाकडं जाऊन शेजारणीचा कोंबडा पळवला, आणि भर मांडवात त्या कोंबड्यानं तिला..." आणि तिचा कॅन भरला. डोक्यावर ठेवला. गेली!

मी धावणार होते हो मागं. ओरडणार होते, पळवला नाही, दिला होता! पण मागं बघितलं, तर वीस बाया उभ्या. म्हटलं जाऊ दे एडिसा, अर्धं तर खरंच आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी नंबर कोण सोडणार?