भिंगाखालचं बॉनेट

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं बातमीदारी केली, पण समोर कुणी थाप मारली की मला अजून राग आवरत नाही. हिरे घासणाऱ्यांच्या वस्तीत, कतारगामला, आमच्या धुळ्याकडच्या सुरेशचं गाड्या धुऊन चकाचक करायचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना परवडेल आणि टिकेलही, असं कोटिंग तो शोधत होता. मी तिथे बसलेलो असताना एक सेल्समन स्वस्तातली बाटली घेऊन आला आणि त्याने सुरेशच्याच गाडीचं ओरखडलेलं बॉनेट घासून आरशासारखं केलं.

"पाच वर्षांची गॅरंटी, साहेब! ओरखडे गायब!"

"तुमची कंपनी किती वर्षांची?" मी विचारलं.

"दीड."

मी बाह्या सरसावल्या. सुरेश म्हणाला, "भाऊ, दम धरा ना! लोकांना परवडेल असं हेच आहे."

तो ऑर्डर देणार, तेवढ्यात गाडी धुवायला आलेला एक हिरा कारागीर पुढे झाला. खिशातून हिरे तपासायचं भिंग काढून तो बॉनेटवर वाकला. "लिसोटा गया नथी, भाई. फक्त ढंकाया छे."

सुरेशने तिथल्या तिथे शाम्पूच्या पाण्याने बॉनेट धुतलं. झाकलेला एकेक ओरखडा वर आला.

"आता बोला!" मी ओरडलो.

सेल्समन जराही ओशाळला नाही. "गॅरंटी आहेच, साहेब. फक्त गाडी धुवायची नाही."