हात लावू नका, नियम आहे

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. उत्तर मला नका देऊ, स्वतःला द्या. आज तुम्ही जिथं आहात — नोकरी म्हणा, घर म्हणा, चार माणसं वाकून नमस्कार करतात ते म्हणा — तिथवर एकटे आलात का? हां! लगेच माना हलल्या! "नाही महाराज, देवाची कृपा, आईवडिलांची पुण्याई!" हे तर पाठच आहे आपल्याला. मी नाव विचारतोय. एका माणसाचं नाव. आठवतंय? नसेल आठवत, तर ऐका.

आपल्या मुरगूडचा धैर्यशील घोरपडे. आणि त्याचा दोस्त मुबारक शिकलगार, गॅरेजवाला. एकाच बाकावर शिकले, एकाच सायकलवरनं पडले. बावीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात मोटारसायकलींची शर्यत लागली. साधी नव्हे — सहा तासांची! गाडी एक, चालवणारे दोन. तासभर यानं चालवायची, मग उतरायचं आणि दुसऱ्यानं बसायचं. गाडी मात्र थांबता कामा नये. या दोघांची गाडी कसली? मुबारकनं भंगारातनं उभी केलेली! नंबर एक्केचाळीस.

पाचव्या तासाला मुबारक गाडीवर होता. आणि मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला — काड्! चेन तुटली. आता नियम कसा होता ऐका. गाडी बंद पडली तर जो चालवतोय त्यानंच ती ढकलत तळापर्यंत, म्हणजे जोडीदार थांबतो तिथवर, आणायची. दुसऱ्या कुणी बोट लावलं, तर शर्यतीतनं बाद!

एप्रिलचं ऊन. डोक्यावर हेल्मेट, अंगावर जाड जाकीट. मुबारक ढकलतोय. एक किलोमीटर, मंडळी! इकडं तळावर धैर्यशील उभा. डोळ्यांनी बघतोय, पण पाऊल टाकता येत नाही. मुबारक आला, बसकण मारली आणि तसाच नवी चेन चढवायला लागला. बोटं सोलली, रक्त आलं. चेन चढली. मग त्यानं हँडल धरलं, धैर्यशील नीट बसेपर्यंत सोडलं नाही, आणि पाठीवर थाप मारली. "जा, लेका!"

धैर्यशील गेला. तिसरा आला! रेघ कुणी ओलांडली? धैर्यशीलनं. हार कुणाच्या गळ्यात? धैर्यशीलच्या. पेपरात फोटो कुणाचा? सांगायला नकोच. त्या फोटोवर त्याला कोल्हापुरात गाड्यांच्या दुकानात नोकरी लागली. पुढं तिथंच मॅनेजर झाला. आणि मुबारक? तो मुरगूडला गॅरेजात पंक्चर काढत राहिला. तक्रार नाही. उलट गिऱ्हाइकाला फोटो दाखवायचा, "हा आमचा धैर्या!"

तर मंडळी, बावीस वर्षांनी धैर्यशीलनं एक गाडी घेतली. जुन्या लांब पल्ल्याच्या शर्यतींची आठवण म्हणून कंपनीनं काढलेली. देशात फक्त दीडशे! फार मोठी नाही, फार लहान नाही, मधली. पुढं गोल दिवा, बाजूला पांढरी पट्टी, त्यावर नंबर. अंगावर कवच नाही, इंजिन सगळं उघडं. असल्या गाडीला म्हणे 'नेकेड' म्हणतात. आजीबाई, पदर तोंडाला लावू नका, गाडीबद्दल बोलतोय मी! आणि यानं खटपट करून नंबर कुठला मागून घेतला? एक्केचाळीस!

म्हणजे आठवण होती हो त्याला. गाडीची होती.

ह्या गाडीला मागं बसायची सीट होती, पण ती वेगळ्या खोक्यात आलेली. तिच्या जागी लाल रंगाचं टोपण. शर्यतीच्या गाडीसारखं, एकट्यापुरतं. बायको म्हणाली, "अहो, मला कुठं बसवणार?" हा म्हणाला, "शोभा जाते." आणि खोकं गेलं माळ्यावर!

बातमी मुबारकला लागली. तो आला. आधी साबणानं हात धुतले, शर्टाला पुसले, मग टाकीवरनं एकदाच हात फिरवला. एक्केचाळीस आकडा बघितला आणि डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "धैर्या, एक चक्कर मारू?"

काय मागितलं त्यानं? एक चक्कर! आणि धैर्यशील काय म्हणतो? "अरे, नवीन इंजिन आहे. पहिले हजार किलोमीटर एकाच हाताखाली चाललं तर नीट बसतं. हजार होऊ देत, मी स्वतः घेऊन येतो."

हे कुणाला सांगतोय? ज्याचा जन्म इंजिनं उघडण्यात गेला, त्याला! मुबारकला काय कळलं नाही होय? पण हसला तो. "बरोबर हाय," म्हणाला, आणि गेला.

हजार झाले. दोन हजार झाले. धैर्यशील रविवारी मुरगूडला गॅरेजवरनं जायचा, हॉर्न द्यायचा, हात वर करायचा, पुढं जायचा. वाईट माणूस नव्हता हो तो. 'पुढच्या रविवारी' म्हणणारा होता. आपल्यासारखाच.

एका रविवारी गॅरेजचं शटर बंद दिसलं. पुढच्या रविवारीही बंद. असे सात-आठ रविवार गेले, तेव्हा कुठं त्यानं समोरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला ठाऊक नाही? मुबारकभाईंना झटका आला. उजवी बाजू गेली. दोन महिने झाले की!"

धैर्यशील तसाच घरी गेला त्याच्या. दारात मुबारकची बायको, शमशादवहिनी. एवढंच म्हणाल्या, "भावजी, गाडीचा आवाज आला की दर वेळी सांगायचे हे. आता पाचशे झाले असतील. आता आठशे. एक दिवस म्हणाले, आज हजार झाले बघ, चहा टाक, धैर्या येईल."

चहा टाक, मंडळी. धैर्या येईल.

धैर्यशीलला उंबरा ओलांडवेना. आतनं मुबारकच म्हणाला, जड जिभेनं, "ये की. दारात का?" हा म्हणाला, "मुबारक, चल. चक्कर मारायची." मुबारकनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. "ॲक्सिलेटर ह्या हातात असतोय, लेका."

"मग मागं बस! मी चालवतो!"

दोघांनी बाहेर गाडीकडं बघितलं. मागं जागाच नव्हती. लाल टोपण तेवढं उन्हात चमकत होतं.

त्या घडीला धैर्यशील रडला. लहान पोरासारखा रडला. शरमेनं रडला. मग डोळे पुसले, मुबारकला उचललं आणि गाडीवर बसवलं — पुढं! चालवणाऱ्याच्या जागी! त्याचा मेलेला हात मुठीवर ठेवला, बोटं मिटवली, वर आपला हात दाबून धरला. किल्लीला शिवला नाही. आणि ढकलायला लागला.

दोनशे किलोची गाडी, वर माणूस. गल्लीतनं बाजारात, बाजारातनं शाळेच्या मैदानावर. लोक हसायला लागले. "काय मॅनेजर, पेट्रोल संपलं काय?" शमशादवहिनी मागनं धावत, "भावजी, दमाल हो!" मैदानावर खेळणारी चार दणकट पोरं पुढं आली. "काका, सरा, आम्ही ढकलतो."

धैर्यशील धापा टाकत ओरडला, "हात लावू नका! नियम आहे!"

आणि मुबारक? शर्यतीनंतर बावीस वर्षांत कुणाला दिसला नसेल असा मुबारक! निम्म्याच तोंडानं हसत होता, निम्मं वळतच नव्हतं, आणि डोळ्यांतनं धार. पूर्ण फेरी झाली. धैर्यशीलनं गाडी थांबवली, हँडल धरून उभा राहिला. मुबारक नीट उतरेपर्यंत सोडलं नाही.

लाल टोपण आता माळ्यावर आहे, सीट गाडीवर. दर रविवारी त्या सीटवर मुबारक असतो, फडक्यानं धैर्यशीलच्या कमरेशी बांधलेला. पण मुठीवर आपल्या हातानं जी चक्कर मारायची होती त्याला, ती राहिली ती राहिलीच. ती आता देवालाही देता येणार नाही.

मंडळी, सुरुवातीला एक नाव विचारलं होतं. आता आठवलं? त्यानं काय मागितलं होतं तुमच्याकडं, तेही आठवलं? आणि तुम्ही काय म्हणाला होता — हजार होऊ देत?

आता नाम घेऊ, टाळी वाजवू. पण हात वर केलेत तसे जरा थांबा. बघा त्यांच्याकडं. दोन्ही उठतायत ना? मग इथनं घरी जाऊ नका. आधी त्याच्या दारात जा.