‘लग्न जमलं, अभिनंदन’

हॅलो?… हो, समीक्षाच बोलतो. बोल खुशबू.

काढलं वं. कालच काढलं. तुयं पान बी अन् ओमेश्वरचं बी. आता आपल्या वधूवर साइटवर तुमी दोघंई नाही.

हो, हो… अवं ऐक ना आधी. मीच तुले फोन लावणार होती. सकाळपासून मले मेल येऊन राहिले.

स्थळाचे नाही, तुटक्या लिंकचे. काढलेलं पान कोनी उघडाले गेलं का मले मेल येते, कोनतं पान मांगलं म्हून. साइट कुठं तुटली ते समजावं म्हून मीच तसं लावलं.

तुयं पान मांगलं कोनीतरी. घडीघडी. मंग लगेच ओमेश्वरचं मांगलं, त्याच कम्प्युटरवरून.

नाव नाही येत त्यात… पन झामसिंगभाऊच असन. ओमेश्वरच्या मोठ्या भावाबिगर कोन पाह्यते तुमा दोघाईले एकासंगं?

रडू नोको. पान त खुलतच नाही.

त्याईले काय दिसलं?… खुशबू, मले सांगाले भेव लागून राहिलं.

पहिले तिथं इंग्रजीत काहीतरी येत होतं. लोकाईले वाटे, साइट बुडाली. म्हून मी आपलं पान बनवलं, फुलाफुलाचं. आपल्याकडं पान काढाले लावते थे लग्न जमल्यावरच ना? त मी लिहून ठेवलं… ‘या स्थळाचं लग्न जमलं. अभिनंदन.’

हो. दोघाईच्याई जागी तेच.

चुकलं वं माया.

तुमच्यासारखं लपून बी लग्न करते कोनी, हे माया ध्यानातच नाही आलं… माहीत आहे मले. दुसऱ्या जातीची आणली त दोघाईले तोडतो म्हणला होता थो.

आता बदलवून काय फायदा? पाह्यलं त्यानं. त्या पानाखाली निरोप लिहाले जागा ठेवली होती मी. त्यात लिहिलं, ‘दोघांचा पत्ता पाहिजे. येऊन राहिलो.’

इथं वं, सडक अर्जुनीले. माया दुकानाचा पत्ता साइटवर आहेच.

कुठं आहा तुमी?… नाही, नोको सांगू. नोकोच सांगू. मले माहीतच नसलं त तोंडातून निघन कसं?

हा नंबर बंद कर अन् ओमेश्वरले घेऊन निघ तिथून. काऊन म्हणजे? अजून कोनाले माहीत असन त?

थांब… समोर जीप थांबली.

उतरला. थोच आहे.

या भाऊ, बसा ना.

…नाही बाई. तुमचा नंबर चुकला. इथं पुन्हा लावू नोका.