गल्लीची राखण करणारा काळ्या

हसणार नसाल तर सांगतो. निपाणीत आमच्या गल्लीची राखण करायला एक कुत्रं हाय, काळ्या. अनोळखी माणूस दिसला की लई भुंकायचं. मी पडलो अर्थशास्त्राचा मास्तर. गणपतीच्या मीटिंगला सगळी गल्ली जमलेली बघून मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, “काळ्या ही सार्वजनिक वस्तू हाय. राखण सगळ्यांची करतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं, भाकरी दुसरा कुणीतरी घालील. शेवटी कुणीच घालत न्हाय. इथं बाजार नापास हुतो!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मीच, गल्लीतला एकटा शहाणा, रोज गुपचूप त्याला दूध-भाकरी घालायला लागलो.

दिवाळीला बेळगावात खडेबाजारातनं आणलेल्या माझ्या कोऱ्या चपला भरदुपारी दारातनं गेल्या. काळ्या उंबऱ्यापाशीच पोट वर करून आडवा. मी खवळलो, “भुंकायला काय झालंय ह्याला?”

शेजारच्या आक्का म्हणाल्या, “जडावलंय वो. सकाळी मी भाकरी घालते, समोरचं आप्पा आमटी-भात घालत्यात, वरच्या वहिनी तर खव्याचा गोड कुंदा चारत्यात.”

“अहो, सगळीच कशाला घालताय?”

“सर, तुम्हीच म्हणालासा न्हवं, दुसरं कुणी घालणार न्हाय म्हणून? आमच्या घशाखाली घास उतरंना!”

एवढी वर्षं शिकवतोय बघा, माझं लेक्चर कुणी मनावर घेतलं न्हवतं. पहिल्यांदाच घेतलं, ते पण सगळ्या गल्लीनं, आणि मास्तर अनवाणी.