हळदीकुंकू, उणे चार

—नाही नाही, डोळे मिटूनच ठेवा, ताई, आणि कातडी दोन्ही हातांनी ताणून धरा — हां, अश्शी — नाहीतर दोऱ्याने कापेल आणि मग रंभाला नावं ठेवाल. दुखतंय? पाणी येणारच डोळ्याला, पहिल्यांदा का करताय? बोलू नका तुम्ही, मी बोलते, ऐकण्यात लक्ष गेलं की दुखणं कळत नाही. तर काय सांगत होते — हां, बर्फ! तुम्ही आल्या आल्या विचारलंत ना, इथला तो बर्फाचा डोंगर बघण्यासारखा आहे का म्हणून — अहो, बघण्यासारखा काय, माझा संसार चाललाय त्याच्यावर! मआमीरच्या बाजूला ते मोठ्ठं गोदामासारखं दिसतं ना, त्याच्या पोटात. बाहेर वाळू, आत बर्फ, आणि बर्फावरून वर जाणारी खुर्च्यांची लिफ्ट. ती लिफ्ट आमचे हे चालवतात. कैलास नाव त्यांचं. हो, नाव कैलास आणि नोकरी बर्फात — आमच्या अख्ख्या हूरा वस्तीचं हसून झालंय, तुम्ही नका हसू, भुवई हलते. आणि हसायचे दिवस नाहीत, ताई. उद्या सकाळी ह्यांची चौकशी आहे. नोकरी राहते की जाते, उद्या कळणार. माझ्यामुळे झालं सगळं. म्हणजे तशी माझी चूक नाही — पण माझ्यामुळे.

आता तिथल्या तिकिटाची गंमत ऐका. बाहेरच्या देशात म्हणे थंडीत तिकीट महाग. इथे सगळंच उलटं! उन्हाळ्यात अंगाची लाही झाली की लोक धावत येतात, म्हणून तेव्हा महाग. आणि जानेवारीत स्वस्त, कारण जानेवारीत अर्धं बहरीन साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून कबाब भाजत बसतं, बर्फात कोण मरायला जाईल? त्यातही शुक्रवारी बारा दिनार आणि सोमवारी सकाळी चार. आधी काढलं तर आणखी कमी. जागा भरायला लागल्या की चढवत न्यायचं. कोण ठरवतं हे? ह्यांना विचारलं तर म्हणतात, कॉम्प्युटर. दुबईच्या हेड ऑफिसात कोणीतरी साहेब त्या कॉम्प्युटरसमोर बसतो आणि तिथूनच आमचे भाव हलवतो. आणि चार दिनार बघून हुरळून जाऊ नका — आत गेलात की मोज्यांचे वेगळे, हातमोज्यांचे वेगळे, आणि तो कोकोचा कप, त्याचा भाव मी सांगतच नाही, भुवई आपोआप वर जाईल तुमची. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! जरा मान इकडे.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू. दर वर्षी माझ्याकडे असतं. वाण काय लुटायचं, हा मोठा प्रश्न — चमचे झाले, डबे झाले, चाळणी झाली. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या हेमावहिनींनी — मिस्टर बँकेत, दत्तप्रसादराव — त्यांनी काचेचे बाऊल लुटले, झाकणासकट, आणि वर सगळ्यांसमोर मला म्हणतात, "रंभा, तुझे चमचे अजून वापरते हं मी, कुंडीतली माती उकरायला." लागलं हो मला. म्हटलं थांब, यंदा असं वाण लुटते की बहरीनच्या बायका नातवंडांना सांगतील. लिफ्टचं तिकीट! सोमवार सकाळचं, आधी काढून, आणि वर स्टाफच्या फॅमिलीला अर्ध्या भावात. आता फॅमिली म्हणजे — ते जाऊ दे. नाही, ते नकोच. सांगू? तुमच्यापाशीच ठेवा हं, ह्यांनासुद्धा माहीत नाही. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, ह्या बावीस जणी कोण? म्हटलं, सिस्टर-इन-लॉ. "ऑल?" म्हटलं, ऑल. आता मला सांगा, खोटं बोलले का मी? हेमावहिनी, पूर्णिमावहिनी, वरच्या मजल्यावरच्या वहिनी — सगळ्यांना वहिनीच म्हणते ना मी? मग वहिनीला इंग्रजीत काय म्हणतात? सिस्टर-इन-लॉच ना? झालं तर.

पोचलो सगळ्या. संक्रांत म्हणून काळ्या साड्या, गजरे, नथी, आणि वरून त्यांची ती भाड्याची लाल जाकिटं. खाली हे उभे. माझ्याकडे बघतात, बायकांकडे बघतात, हळूच म्हणतात, "पायाला स्की नसेल तर वर सोडायचं नाही, असा नियम आहे." म्हटलं, बायका नटून आल्यात, वाण देऊन झालंय, आता काय परत मागून घेऊ? चारचौघींत माझी शोभा करायचीय का तुम्हाला? फाटक उघडलं बिचाऱ्यांनी. माझं ऐकतात ते, तिथेच सगळा घोटाळा होतो. बसलो की आम्ही दोन-दोन जणी! मस्त वर गेलो, उतरलो, आणि तिथे तो वरचा फिलिपिनो पोरगा म्हणतो, आता खाली घसरत जा! म्हणजे? म्हणजे तिकीट फक्त वर जायचं! खाली ज्याने त्याने आपापलं घसरायचं! आम्हाला काय स्वप्न पडलं होतं? आम्हाला वाटलं रायगडाच्या रोपवेसारखं — वर न्यायचं, खाली आणायचं. पण आल्यासारखं म्हटलं आधी हळदीकुंकू उरकून घेऊ, उतरायचं नंतर बघू. तिळगूळ तर असा दगड झालेला की गोड बोलायला कोणाचं तोंडच उघडेना! आणि तेवढ्यात हेमावहिनींचा पाय घसरला आणि कोयरी उपडी. पांढऱ्याशुभ्र बर्फावर लालभडक कुंकू. मॅनेजर यासीनने ते कॅमेऱ्यात बघितलं — "ब्लड! ब्लड!" — आणि दाबलं ते मोठं बटण. भोंगा सुरू, लिफ्ट बंद.

बंद म्हणजे मफी, हलायचं नावच नाही. उणे चार डिग्री, ताई, आणि पायांत काठपदराच्या साडीवर भाड्याचे बूट. इंजिनीअर तिकडे लांब तुबलीला, कुठल्यातरी गॅरेजात, फोनवर म्हणतो येतो, इंशाल्ला. इंशाल्ला म्हटल्यावर काय समजायचं ते तुम्हाला माहितीय! मी म्हटलं, बायकांनो, अंग गरम ठेवा, उखाणे घ्या. तर हेमावहिनी दात वाजवत म्हणतात — "वाळवंटाच्या देशात पाहिला बर्फाचा डोंगर, दत्तप्रसादरावांचं नाव घेते, खाली उतरवा लवकर!" एकीलाही हसू येईना हो. रडायच्या बेतात सगळ्या. मीही. आणि मग लिफ्ट हलली. उलटी. इंजिनीअर नसताना उलटी चालवायची नाही, चालवली तर नोकरी खलास — तसं भिंतीवरच लिहिलंय, ह्यांच्या डोळ्यांसमोर. तरी चालवली ह्यांनी. वरच्या पोराने आम्हाला खुर्च्यांत बसवलं, आणि खाली ह्यांनी हळूहळू, एकेक खुर्ची थांबवून, प्रत्येकीला हाताला धरून उतरवलं. मी शेवटी आले. मला वाटलं आता ओरडतील, ओरडायलाच पाहिजे होतं. तर म्हणाले काय — "थंडी वाजली?" बस्स. एवढंच. मला असं भडभडून आलं, ताई, हसायला पण आणि रडायला पण.

थांबा, टिपते जरा. तुमचं नाही, माझं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तर! त्या दुबईच्या कॉम्प्युटरला वाटलं, बहरीनला सोमवारचं वेड लागलं. लगेच सोमवारचा भाव शुक्रवारइतका. पुढच्या सोमवारी चिटपाखरू नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी नाही. अरे, गर्दी का झाली ते एकदा विचारशील की नाही? आमच्या देवरुखला मासेवाली बाईसुद्धा विचारते, आज एवढी सुरमई, पाहुणे आलेत का? ह्या साहेबाला एवढी अक्कल नाही! बायकोने घरातून हाकललेला असणार मेला, म्हणून रात्रंदिवस आकडे हलवत बसतो. यासीनने दोन्ही पापं ह्यांच्या नावावर लावली — लिफ्ट उलटी केली तेही, सोमवार बुडाला तेही. आणि उद्या तोच साहेब येणार दुबईहून, निकाल द्यायला. व्हिसा त्या नोकरीवर, आमची श्रेया इथल्या शाळेत, तिला मराठीत ओरडलं तर इंग्रजीत उत्तर देते — ती काय देवरुखच्या शाळेत बसणार? रात्री झोपत नाहीत हे. विचारलं की म्हणतात, काही नाही, पाठ दुखते. पाठ! हां, ही भुवई झाली. बघा आरशात, कशी कमान आलीय. आता दुसरी.

मी एकटीच बडबडतेय. तुम्ही काय करता, ताई? पुण्याच्या ना? इथे कोणाकडे उतरलात? …हॉटेलात. कामासाठी, बरं. कुठून, मुंबईहून?

…दुबईहून.

दुबईत बँकेत? …मग?

…तिकिटांचे भाव.

अगंबाई. तो साहेब… तुम्ही? पण यासीन तर साहेब येणार म्हणाला — सावनी, हो, फोनवर सावनीच सांगितलंत तुम्ही नाव. आणि अपॉइंटमेंट घेताना म्हणालात रंभाच पाहिजे. मला वाटलं माझा हात चांगला म्हणून! …काय? बावीस वहिन्या बघून आलात? तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतात? अहो उठू नका, उठू नका, एकच भुवई झालीय, अशा कुठे जाल? धमकी नाही हो, ताई, देवाशपथ धमकी नाही, मी अशीच बोलते! आणि ते हाकललेला वगैरे मी पुरुषाला म्हणत होते, तुम्हाला नाही. हे बघा, वहिन्या माझ्या, वाण माझं, हट्ट माझा. ह्यांनी फक्त खुर्च्या खाली आणल्या. काय चुकलं त्यांचं? बावीस बायका गारठू द्यायच्या होत्या? तुमचं काय ते नुकसान माझ्या नावावर लावा, मला ओरडा, हवं तर आमच्या पार्लरच्या मालकीणबाई, मुनीरा मॅडम, त्यांना सांगून मला इथून काढा, पण ह्यांना —

…काय म्हणालात? शुक्रवारच्या भावात आल्या असत्या का वहिन्या? बारा दिनारला? कुत्रं आलं नसतं, ताई. खरं तेच सांगते.

हसताय का रडताय? कळत नाही, एकच भुवई आहे. ताई, ह्यांचं काय करणार उद्या? मघापासून मीच बोलतेय. हा बघा, दोरा खाली ठेवला. एक शब्द बोलत नाही मी आता. तुम्ही बोला.

बोला ना, ताई.