डाव्या डोळ्याचं पाणी

डॉक्टर : ही लिंबाची फोड चावा. गिळू नका, चघळत राहा.

साहेब : आलं बघा, डॉक्टर. डाव्या डोळ्यातून लागली धार.

डॉक्टर : फोड थुंका आता, डोळा पुसा. चेहरा वाकडा झाला होता कधी?

साहेब : दोन वर्षांपूर्वी. चेहरा झाला सरळ, पण तेव्हापासून घास तोंडात गेला की हे सुरू.

डॉक्टर : नस परत वाढताना वाट चुकली. लाळेची नस अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळाली. तिथं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं की तीन-चार महिने थांबेल. पण दोन वर्षं काढलीत, मग आत्ताच का?

साहेब : पुढच्या महिन्यात नव्या मालकांबरोबर जेवण आहे. मला कारखान्याचा प्रमुख करताहेत. सूपचा पहिला चमचा घेतला आणि मी रडायला लागलो, तर गेलं की पद.

डॉक्टर : मग इतके दिवस कसं चालवून घेतलंत?

साहेब : खरं सांगू? कामाला येत होतं. माणसं कमी करायचं काम माझ्याकडे. समोर बसवायचं, चहा मागवायचा, राजीनाम्याचा कागद पुढे सरकवायचा आणि आपण एक बिस्कीट तोंडात टाकायचं. साठ जण गेले, एकानं आवाज चढवला नाही. उलट मलाच रुमाल द्यायचे.

डॉक्टर : तुमच्या गोदामात एक जण होता. कानावर पेन्सिल अडकवायचा.

साहेब : हो, हो. एकवीस वर्षांचा जुना माणूस. भांडायचंच ठरवून आला होता, खिशात वकिलाचा नंबर. त्याला दोन बिस्किटं लागली. तुम्ही कसं ओळखता?

डॉक्टर : माझा दादा तो.

साहेब : अरे देवा.

डॉक्टर : घरी येऊन म्हणाला, वकील नको. साहेब माझ्यासाठी रडले गं, अशा माणसावर केस कशी करू? वहिनी अजून तुमचं नाव आदरानं घेते.

साहेब : त्याला... सांगणार तुम्ही?

डॉक्टर : पेशंटचं बाहेर बोलत नाही मी. आणि बोलता आलं असतं तरी जीभ रेटली नसती. एकवीस वर्षांचं त्याच्याकडे तेवढंच उरलंय, की आपल्यासाठी कुणीतरी रडलं. ते कशाला काढून घेऊ?

साहेब : मी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो हवं तर.

डॉक्टर : राग आलाय मला, पण माझा हात थरथरत नाही. आडवे व्हा.

साहेब : मला वाईट वाटतंय हो. मनापासून.

डॉक्टर : (दोन्ही पापण्या उचलून बघत) डोळे कोरडे आहेत. छान. आता हलू नका.